वेरूळहून समुद्रकिनारी : ऋतू एक, देश दोन

मे महिन्यात वेरूळ परिसरातील काही कुटुंबे मुलाबाळांसह कोकणकिनारी जातात. ऋतू ग्रीष्मच राहतो. देश मात्र बदलतो. वेरूळचा कोरडा उन्हाळा जांगल देशाशी, तर किनारपट्टी आनूप देशाशी जुळते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून सावलीतही शरीर निवत नाही. बालके व वृद्ध लवकर थकतात. आदानकालात बल व अग्नी क्षीण असतात. चरकोक्त मधुर, शीत, द्रव, स्निग्ध आहार घ्यावा व मासे-दूध हा विरुद्धाहार टाळावा, असे आम्ही निघण्यापूर्वीच सांगतो. मधुमेही रुग्णांनी मात्र गोड सरबते वर्ज्य करावीत. तीव्र ताप, असंबद्ध बोलणे वा मूर्च्छा दिसताच अंग गार करीत तत्काळ रुग्णालय गाठावे. औषधालयचालकांनीही ग्राहकांस हे अवश्य सांगावे.