इंग्रजी वाचता येतं, पण समजतं का?

शहापूरहून किन्हवलीकडे निघालं की वाटेत शेणवा येतं. गेल्या उन्हाळ्यात इथल्याच ओळखीच्या एका घरातून आम्हाला बोलावणं आलं. मुलाला आखातात नोकरी लागली होती, एजंटाने पत्र दिलं होतं, आणि "सर, एकदा नजर टाका" एवढीच वडिलांची विनंती होती. मुलगा दहावी पास. त्याने ते दोन पानी पत्र आमच्यासमोर खडखडीत वाचून दाखवलं. कुठे अडखळला नाही. वाचून झाल्यावर म्हणाला, "खाणं-राहणं कंपनीचं आहे."

पत्रात वाक्य होतं, 'द कंपनी मे प्रोव्हाइड फूड अँड अकोमोडेशन'. आम्ही त्याला 'मे'वर बोट ठेवायला सांगितलं. धाकटा भाऊ पटकन म्हणाला, "म्हणजे मे महिन्यात देणार?" सगळे हसले. पण मोठ्यालाही त्या शब्दाचा अर्थ सांगता येईना. 'मे' म्हणजे देऊ शकेल, देईलच असं नाही. तिथे 'विल' किंवा 'शल' असतं तर कंपनी बांधली गेली असती. वडिलांनी एजंटाला फोन लावला तेव्हा कळलं की खोली मिळेल, जेवण आपलं आपण. मुलगा गेला, पण हिशोब नव्याने मांडून गेला.

त्या घरातून परत येताना आम्ही आमच्याच वर्गाचा विचार करत होतो. अशी मुलं आमच्याही वर्गात आहेत. धडा वाचायला सांगा, झरझर वाचतात. काय वाचलंस विचारलं की खाली बघतात.

याचं एक कारण आपल्या घरात आहे, आणि ते नाजूक असलं तरी बोलायला हवं. आपली मुलं लहानपणी मकतबला जातात, कायदा शिकतात, मग नाझरा कुरआन वाचतात. अक्षर ओळखणं, जोडणं, उच्चार शुद्ध ठेवणं, न थकता वाचत राहणं या सवयी तिथे लागतात आणि त्या फार मोलाच्या आहेत. तिथे अर्थ कळण्याआधीही तिलावत ही इबादतच असते. इंग्रजीच्या पुस्तकाचं तसं नाही. पण मूल लहान असतं, त्याला हा फरक कुणी सांगत नाही. त्याला वाटतं, न अडखळता वाचलं म्हणजे वाचन झालं. घरातली माणसंही खूश होतात, कारण आवाज छान येतो. आम्ही पालकांना एवढंच सांगतो, की मकतबमधून आलेली जीभ आणि चिकाटी इंग्रजीत जरूर वापरा, फक्त पान संपलं की एक प्रश्न विचारा, "यात काय घडलं?" उत्तर मराठीत, उर्दूत, घरच्या कोकणी बोलीत, कशातही चालेल.

आता व्याकरणाकडे. आपल्या मुलांना दोन-तीन भाषा येतात, म्हणून इंग्रजी जड जातं असं पुष्कळ पालक म्हणतात. आमचा अनुभव उलटा आहे. अडचण होते ती या भाषा मुलाच्या डोक्यात कुणी वेगळ्या करून देत नाही म्हणून.

साधं उदाहरण घ्या. उर्दूत 'वो' म्हणजे तोही आणि तीही. कोण ते क्रियापदावरून कळतं, वो गया, वो गयी. म्हणून ज्या घरात उर्दू बोलतात तिथलं मूल बहिणीबद्दल सांगतानाही 'ही' म्हणतं. त्याच मुलाला मराठीतलं तो, ती, ते पक्कं येत असेल तर त्याला 'ही, शी, इट' एका तासात समजतं. इथे मराठी मदतीला येते. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. मराठीत शाळा 'ती' आहे आणि रस्ता 'तो' आहे, इंग्रजीत दोन्ही 'इट'. हे न सांगितल्यामुळे 'माय स्कूल इज बिग, शी हॅज टेन रूम्स' अशी वाक्यं आम्ही दरवर्षी तपासतो.

काळाच्या बाबतीत उर्दू मदत करते. मराठीत काल आणि उद्या वेगळे शब्द आहेत. उर्दूत दोन्हींना 'कल'. 'कल आया था' की 'कल आएगा' हे क्रियापदच सांगतं. म्हणजे उर्दू बोलणाऱ्या मुलाच्या कानाला क्रियापदावरून काळ ओळखायची सवय असतेच. इंग्रजी उताऱ्यात नेमकी हीच सवय लागते. 'वेंट' दिसलं की झालेलं, 'विल गो' दिसलं की व्हायचं. आम्ही मुलांना आधी उताऱ्यातली फक्त क्रियापदं अधोरेखित करायला लावतो, बाकी काही नाही.

'आय ॲम गो टू स्कूल' ही चूक तर घरोघरची. ती येते कुठून? 'मी शाळेत जात आहे' मधल्या 'आहे'मधून. मुलाने 'आहे'ला 'ॲम' लावलं, 'जात'ला 'गो' लावलं, मग 'आयएनजी' लावायचं राहिलं. मुलाने विचार केलेला असतो, फक्त अर्धा. म्हणून लाल रेघ मारून सोडू नये. 'मी जातो' म्हणजे 'आय गो', 'मी जात आहे' म्हणजे 'आय ॲम गोइंग', ही जोडी त्याच्याकडून दहा क्रियापदांवर तोंडी करून घ्यावी. खातो, खात आहे. लिहितो, लिहीत आहे. चालता चालता होतं हे, वही लागत नाही.

प्रश्न तयार करणं हा मात्र खरा डोंगर आहे. मराठीत 'तो येतो' हे वाक्य प्रश्नाच्या सुरात म्हटलं किंवा पुढे 'का' लावलं की काम झालं. उर्दूत आधी 'क्या' लावा, पुरे. इंग्रजीत 'डज' नावाचा मदतनीस पुढे येऊन उभा राहतो आणि 'कम्स'चा शेवटचा 'एस' स्वतःकडे घेतो. मुलं दोन्हीकडे ठेवतात, 'डज ही कम्स?' आम्ही वर्गात सांगतो की 'एस' हा एकच डबा आहे, तो डजच्या हातात असेल तर कमच्या हातात नसणार. व्याकरणाच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नसतं, पण मुलांच्या लक्षात राहतं.

स्पेलिंगबद्दल उर्दू माध्यमाच्या मुलांचं एक वेगळं दुखणं आहे. उर्दू लिहिताना जबर, जेर, पेश सहसा लिहीत नाहीत, वाचणारा ते मनात भरून घेतो. ती सवय इंग्रजीत आली की शब्दातले स्वर गळतात. मराठी माध्यमाच्या मुलांचं उलट होतं, ती ऐकतील तसं लिहितात, म्हणून 'नाइफ'च्या आधीचा मुका 'के' त्यांच्या वहीत कधी येतच नाही. दोघांचा इलाज एकाच गोळीने होणार नाही, हे शिक्षकांनीही ध्यानात ठेवावं.

शब्दसंग्रह म्हटलं की पालक डिक्शनरी पाठ करायला लावतात. रोज दहा शब्द, अर्थासकट. आठवड्याने विचारा, सत्तरातले सातही आठवत नाहीत. यावर शंभर वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडात विचार झालेला आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्याला शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधली मुलं इंग्रजीत का मागे राहतात यावर त्यांनी १९२६ मध्ये अहवाल लिहिला. या मुलांना सर्वात आधी वाचून समजण्याइतकं इंग्रजी हवं आणि त्यासाठी मोजके, वारंवार येणारे शब्द आधी शिकवावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २,००० शब्दांची यादीच छापली. साध्या इंग्रजी मजकुराचा बराच मोठा भाग असल्या शब्दांनीच भरलेला असतो. भाषाशिक्षणाचे अलीकडचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या कामातून असं दिसतं, की मजकूर मदतीशिवाय नीट समजायला १०० पैकी जवळपास ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे ज्या पानावर मूल दर ओळीला अडतं, ते पान त्याच्यासाठी अजून नाही. दोन इयत्ता खालचं पुस्तक द्या. यात लाज कसली? बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिलीपासूनची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आठवीच्या मुलाने पाचवीचं इंग्रजी पुस्तक गोष्टीसारखं वाचून काढलं, तर आम्हाला ते गाइड पाठ करण्यापेक्षा जास्त आवडेल.

बरं, मुलांकडे शब्द नाहीत असंही नाही. शेणव्याच्या नाक्यावर तासभर उभं राहिलं तरी पंक्चर, रिचार्ज, स्टँड, पेमेंट, डिझेल, हाफ तिकीट असे पन्नास शब्द कानावर पडतील. ते वहीत लिहून काढायला लावा. मात्र यातले काही शब्द आपल्याकडे येऊन अर्थ बदलून बसले आहेत. 'लाइट गेली' म्हणतो तेव्हा आपल्याला वीज म्हणायची असते. 'हॉटेल'मध्ये आपण चहा प्यायला जातो, इंग्रजीत तिथे मुक्काम करतात. परीक्षेत 'कॉपी' केली म्हणजे आपल्याकडे गुन्हा, इंग्रजीत 'कॉपी द सेंटेन्स' ही सूचना असते. एका मुलाने ती सूचना वाचून खरंच घाबरून उत्तर लिहिलं नव्हतं.

आता उतारा. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या दहावीच्या मुलांना तृतीय भाषा म्हणून जी ८० गुणांची लेखी इंग्रजी परीक्षा असते, तिच्यात पुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला १५ गुण आहेत आणि पुस्तकातल्या उताऱ्यांना २०. भाषांतरालाही ५ गुण आहेत, जे दोन भाषा येणाऱ्या मुलाने सहसा सोडू नयेत. एवढे गुण समजून वाचण्यावर असताना शिकवण्यांमध्ये निबंध आणि पत्रं पाठ करून घेतात, हे आम्हाला कधी पटलेलं नाही.

मुलांची एक युक्ती ठरलेली असते. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते अख्खं वाक्य उतरवायचं. पहिल्या एक-दोन प्रश्नांना हे चालतं, पुढे फसतं. हे मुलाला दाखवून द्यायला आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहितो: 'द बस टू किन्हवली विल नॉट रन ऑन फ्रायडे बिकॉज द रोड इज अंडर रिपेअर.' पहिला प्रश्न, बस का चालणार नाही? सगळे हात वर. 'बिकॉज'च्या पुढचं उतरवलं की झालं. दुसरा प्रश्न, 'कॅन वी गो टू किन्हवली बाय बस ऑन सॅटरडे?' वर्ग गप्प. मग कुणीतरी म्हणतं, "सर, सॅटरडे दिलेलंच नाही." दिलेलं नाहीच. पण बंद फक्त शुक्रवारी आहे, म्हणजे शनिवारी बहुतेक बस असेल. वाक्यात नसलेलं पण वाक्यातून निघणारं उत्तर शोधणं, यालाच समजणं म्हणतात. मुलाला हे एकदा गवसलं की त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तिसरा प्रश्न आम्ही त्यांनाच तयार करायला सांगतो आणि शेजारच्याला विचारायला लावतो. त्यात निम्मा तास जातो, गोंधळ होतो, बाजूच्या वर्गातून तक्रारही येते.

उतारा ओळखीच्या विषयावरचा असेल तर मूल निम्मा गड आधीच जिंकतं. आमच्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, मुंबईला पाणी इथून जातं, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्यावर पाच साधी वाक्यं लिहून दिली तर 'सप्लाय' आणि 'रिझर्व्हॉयर' यांचा अर्थ ते अंदाजाने सांगतात. अंदाज करायला शिकणं हेही वाचनच आहे. लगेच मोबाइलवर अर्थ बघितला की शब्द डोळ्यासमोरून जातो, डोक्यात राहत नाही.

"आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही घरी काय करणार?" असं अम्मी लोक विचारतात. खोकल्याच्या औषधाची बाटली घ्या. मुलीला म्हणा, वाच आणि कसं घ्यायचं ते मला सांग. 'शेक वेल बिफोर यूज', 'ट्वाइस अ डे आफ्टर फूड'. तिने 'ट्वाइस'ला तीन वेळा सांगितलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं तुम्हाला आठवतच असतं, तिथेच चूक पकडली जाईल. गॅसची पावती, वीजबिलाची मागची बाजू, बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख, बँकेचा मेसेज, सगळं चालेल. दिवसाला एक कागद. उत्तर तुमच्या भाषेत घ्यायचं, म्हणजे तुम्हालाही तपासता येतं.

दहावीचा आणखी एक संबंध आपल्या भागातल्या पालकांना सांगून ठेवतो, कारण आखाताच्या गडबडीत तो विसरला जातो. सर्वसाधारणपणे दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो, आणि आखाती देशांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना त्याला सरकारी इमिग्रेशन मंजुरी घ्यावी लागते. ही तरतूद कामगाराच्या संरक्षणासाठीच आहे, पण दहावी पास मुलाला त्या रांगेत उभं राहावं लागत नाही. त्याच्या करारावर मात्र मग दुसरी नजर कुणाची पडेलच असं नाही. तो त्याचा त्यानेच वाचायचा असतो.

पत्र घेऊन आलेला तो मुलगा हल्ली अधूनमधून फोटो पाठवतो. खोलीतल्या नोटिसचा, ड्युटीच्या वेळापत्रकाचा. खाली स्वतः काढलेला अर्थ मराठीत लिहितो आणि विचारतो, "सर, बरोबर आहे का?" मागच्या खेपेला 'अनलेस' चुकला होता. 'जोपर्यंत नाही' ऐवजी 'जर' लिहिलं होतं त्याने, आणि सुट्टी मिळणार की नाही ते त्याच एका शब्दावर होतं.