वार्टबुर्ग किल्ला

वार्टबुर्ग किल्ला : जर्मनीच्या थुरिंजिया राज्यातील इतिहासप्रसिद्ध गिरिदुर्ग. आयझेनाख शहराच्या नैर्ऋत्येस, समुद्रसपाटीपासून सु. ४१० मी. उंचीच्या अरुंद, वनाच्छादित कड्यावर तो वसला आहे. परंपरेनुसार लूटव्हिख डेर श्प्रिंगर या सरदाराने तो १०६७ मध्ये बांधला. डोंगर दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने त्याने स्वतःच्या मुलखातील माती तेथे पसरली आणि ‘मी माझ्याच भूमीवर उभा आहे’, अशी शपथ बारा सरदारांसह घेतली, अशी आख्यायिका आहे. किल्ल्याचा पहिला लेखी उल्लेख मात्र १०८० मधील आहे.

लूटव्हिखच्या वंशजांना ११३१ मध्ये ‘लँडग्रेव्ह’ हा प्रांताधिपतीचा किताब मिळाला. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बांधलेला ‘पालास’ हा निवासी प्रासाद रोमनेस्क वास्तुशैलीचा उत्कृष्ट नमुना होय. पहिला हेर्मान (कार. ११९०–१२१७) याने वाल्टर फोन डेर फोगेलवायडे व व्होल्फ्राम फोन एशेनबाख या कवींना आश्रय दिला. त्याच्या दरबारातील काव्यस्पर्धेच्या दंतकथेवर व्हाग्नरच्या टान्हॉयझर (१८४५) या संगीतिकेचा काही भाग आधारलेला आहे. हंगेरीची राजकन्या एलिझाबेथ (१२०७–३१) भावी वधू म्हणून बालपणीच या घराण्यात आली. १२२७ मध्ये पती निवर्तल्यावर तिने ऐश्वर्याचा त्याग करून मारबुर्ग येथे रुग्णसेवा केली. १२३५ मध्ये तिला संतपद देण्यात आले. १२४७ मध्ये घराण्याचा पुरुषवंश खुंटला व पुढे किल्ला व्हेटिन घराण्याकडे गेला.

साम्राज्याने बहिष्कृत केलेल्या मार्टिन ल्यूथरला सॅक्सनीच्या इलेक्टरने मे १५२१ पासून सु. दहा महिने येथे गुप्तपणे ठेवले. ‘युंकर यॉर्ग’ या नावाने राहताना त्याने नव्या कराराचे ग्रीकवरून जर्मन भाषांतर केले. ते सप्टेंबर १५२२ मध्ये प्रसिद्ध झाले व प्रमाण जर्मन भाषेच्या घडणीस साहाय्यभूत ठरले. १८ ऑक्टोबर १८१७ रोजी सु. ५०० विद्यार्थ्यांनी येथे मेळावा भरवून जर्मन ऐक्याची मागणी केली.

सध्याचे दर्शनी रूप बव्हंशी एकोणिसाव्या शतकातील आहे. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या या किल्ल्याचा जीर्णोद्धार १८३८ नंतर हाती घेण्यात आला आणि ह्यूगो फोन रिटगेन या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो पार पडला. क्रूसयुक्त मुख्य बुरूज त्याच काळातील असून दक्षिणेकडील बुरूज मध्ययुगीन आहे. पालासमधील भित्तिचित्रे मोरिट्स फोन श्विंट याने १८५४-५५ मध्ये रंगविली, तर एलिझाबेथच्या दालनातील कुट्टिमचित्रण विसाव्या शतकाच्या आरंभीचे आहे. ल्यूथरने सैतानावर दौत भिरकावल्याच्या दंतकथेतील शाईचा डाग भाविकांसाठी पुनःपुन्हा रंगविला जाई. आता तो दिसत नाही.

किल्ल्याची शेवटची चढण पायीच चढावी लागते. पालासचे दगडी स्तंभ व कमानी आणि ल्यूथरची साधी, लाकडी भिंतींची खोली पाहताना मूळ अवशेष कोणते व उत्तरकालीन कल्पना कोणती, याचे भान ठेवल्यास हे दर्शन अधिक उद्बोधक ठरते. कारण सरंजामी काळाविषयीची एकोणिसाव्या शतकाची आदर्श कल्पनाही येथे साकार झालेली आहे. १९९९ मध्ये युनेस्कोने या किल्ल्याचा जागतिक वारशात समावेश केला.