तिरक्या अक्षरांची पत्रिका

मी मराठीचा प्राध्यापक, म्हणून घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्याच गळ्यात पडतो. गेल्या मार्गशीर्षात पुतणीचे लग्न निघाले तेव्हाही तसेच झाले. मराठी बाजू बिनबोभाट पार पडली. घोटाळा झाला तो पाठीमागच्या इंग्रजी बाजूत. व्याही मंगळूरचे, त्यांच्याकडची मंडळी तीच बाजू वाचणार.

छापखान्यात संगणकावर अक्षरांचे नमुने दाखवले, आणि दादांनी बोट ठेवले ते ‘त्साप्फ चान्सरी’वर. जर्मनीच्या हेर्मान त्साप्फ यांचे हे अक्षर १९७९ सालचे. किंचित उजवीकडे कललेले, अंगाने सडपातळ, रुंद टाकाने आत्ताच ओढल्यासारखे कुठे जाड, कुठे बारीक. लग्नकार्याला शोभावे असेच!

याचे घराणे मात्र जुने. पोपच्या दफ्तरातले कारकून भराभर लिहिण्यासाठी असा तिरका हात वापरीत. त्यांच्यापैकीच एक लुडोविको आर्रिगी. त्याने १५२२ च्या सुमारास रोममध्ये या वळणाचा कित्ताच छापला. आपल्या चिटणिसांची मोडी आठवावी. आधी पानभर रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्य तो न उचलता पळवायचा. गंमत अशी, की घाईसाठी जन्मलेले हे वळण आज सावकाश, थाटामाटाच्या प्रसंगी मिरवते.

तीनशे पत्रिका आल्या. पहिली देवापुढे ठेवली, दुसरी अण्णांच्या हातात दिली. शहाऐंशी वर्षांचे अण्णा आयुष्यभर कचेरीत इंग्रजी खर्डे वाचत आलेले. त्यांनी चष्मा वरखाली केला आणि विचारले, “हे नाव कुणाचे रे?”

नाव त्यांच्या नातीचेच होते! दादांनी हौसेने सगळी नावे कॅपिटल अक्षरांत घालायला लावली होती. या जातीच्या प्रत्येक कॅपिटलला आपापली शेपटी नि झोक. एकटे असताना ते राजासारखे दिसते, पण दहा राजे एका ओळीत बसवले की नुसती लढाई. कार्यालयाचे नावही तसेच गुंतलेले.

दादा फुरंगटले. पैसे मोजून झाले होते. मग मी त्यांना एका जुन्या पुस्तकाच्या पानाचे चित्र दाखवले. व्हेनिसच्या आल्डुस मानुत्सिउसने १५०१ मध्ये छापलेला व्हर्जिल. सगळा ग्रंथ तिरक्या अक्षरांत छापला गेला तो हाच पहिला. ते खिळे फ्रान्चेस्को ग्रिफोने घडवले. पण त्यातही कॅपिटल अक्षरे सरळ उभी आणि आटोपशीर! दादा बराच वेळ पाहत राहिले. “म्हणजे पहिलेच अक्षर मोठे ठेवू या,” एवढेच म्हणाले.

मंगळूरकडच्यांपुरत्या शंभर पत्रिका नव्याने छापल्या. अण्णांनी त्यातली एक दिव्याजवळ नेऊन नाव मोठ्याने वाचले, तेव्हा पुतणीचे डोळे भरून आले.

उरलेल्या जुन्या पत्रिका आम्ही पुण्याच्या नातलगांना वाटल्या. त्यांतल्या एकानेही पत्रिका उलटून पाहिली नाही.