रायफलीवरील खुणा आणि तिचा काळ

एखाद्या संग्रहालयातील काचेच्या कपाटात तीन जुन्या रायफली शेजारी शेजारी मांडून ठेवल्या आहेत, अशी कल्पना करा. तिन्ही चीनमधील युद्धांत वापरल्या गेलेल्या आणि पुढे सैन्याला नकोशा झाल्यामुळे संग्राहकांकडे आलेल्या आहेत. पहिलीला ‘नमुना २४’, दुसरीला ‘नमुना ३८’ आणि तिसरीला ‘नमुना ५६’ असे म्हणतात. शाळेतील एखादा चुणचुणीत विद्यार्थी लगेच सांगेल, की या रायफली अनुक्रमे १९२४, १९३८ आणि १९५६ साली तयार झाल्या असाव्यात. हे उत्तर सहज सुचण्यासारखे आहे. परंतु त्यावर विसंबून कपाटावर चिठ्ठी लावली, तर ती चुकीची ठरेल. पहिल्या रायफलीचा नमुना १९३५ सालचा आहे आणि दुसरीचा १९०५ सालचा. तिसरीचा नमुना १९५६ सालचा खरा. पण कपाटातील प्रत्यक्ष रायफल त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनीही बनलेली असू शकेल.

मग पोलादावर कोरलेला आकडा खोटा असतो काय? मुळीच नाही. तो खराच असतो. मात्र तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देत आहे, हे आधी ओळखावे लागते.

वर्ष कोणत्या कालगणनेचे?

आपल्याकडील जुन्या शिलालेखाचे वाचन करताना पहिला प्रश्न हाच येतो. वर्ष शालिवाहन शकाचे असेल, तर त्यात सामान्यतः ७८ मिळवावे लागतात. विक्रम संवत असेल, तर ५७ वजा करावे लागतात. चिनी शस्त्रांच्या बाबतीतही नेमके हेच करावे लागते.

चीनमध्ये राजेशाही होती तेव्हा वर्षे सम्राटाच्या राजवटीवरून मोजली जात. ग्वांगश्यू या राजवटीचे पहिले वर्ष म्हणजे १८७५. म्हणून त्या गणनेतील वर्षात १८७४ मिळवले, की इसवी सन मिळतो. १९१२ साली प्रजासत्ताक स्थापन झाले आणि त्या वर्षाला ‘प्रजासत्ताकाचे पहिले वर्ष’ मानण्यात आले. या गणनेत १९११ मिळवावे लागतात. १९४९ साली साम्यवादी सत्ता आल्यावर मात्र चीनने इसवी सन स्वीकारला.

यावरून एकाच आकड्याचे किती वेगळे अर्थ होतात ते पाहा. ‘वर्ष २४’ हे ग्वांगश्यू राजवटीचे असेल, तर १८९८. प्रजासत्ताकाचे असेल, तर १९३५. मधले अंतर ३७ वर्षांचे! आपल्या कपाटातील ‘नमुना २४’ ही प्रजासत्ताकाच्या काळातील रायफल आहे. जर्मन माऊझर रायफलीवरून ती बेतलेली असून हनान प्रांतातील गुंगश्येन येथील शस्त्रशाळेत १९३५ साली तिचे उत्पादन सुरू झाले. च्यांग कै-शेक यांच्या ‘चुंगचंग’ या नावावरून पुढे ती ‘चुंगचंग नमुना’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

नमुन्याचे वर्ष आणि निर्मितीचे वर्ष

दुसरा प्रश्न असा, की आकडा नमुन्याचा आहे की प्रत्यक्ष वस्तूचा? ‘नमुना ३८’ ही मुळात जपानी रायफल. जपानी सम्राट मेइजी यांच्या राजवटीच्या ३८ व्या वर्षी, म्हणजे १९०५ साली, तिचा नमुना मुक्रर झाला. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ ती तयार होत राहिली. परंतु नाव तेच राहिले. पुढे जपानने नावे देण्याची पद्धत बदलली आणि आपल्या राजवंशाच्या पारंपरिक आरंभापासून वर्षे मोजली. त्यामुळे १९३९ सालचा ‘नमुना ९९’ हा जपानी वर्ष २५९९ मधील शेवटच्या दोन आकड्यांवरून ओळखला जातो.

चिनी आणि जपानी लिपींत अंकांची चिन्हे एकच आहेत. एक, दोन आणि तीन यांसाठी तितक्याच आडव्या रेघा काढतात आणि दहासाठी अधिकाच्या चिन्हासारखी फुली. ही चिन्हे ओळखता आली, तरी केवळ त्यांवरून देश कळत नाही. जपानी रायफलीच्या नळीमागे असलेल्या पोलादी पेटीवर सोळा पाकळ्यांचे शेवंतीचे फूल कोरलेले असे. ते राजघराण्याचे चिन्ह होते. १९४५ साली जपानने शरणागती पत्करल्यावर अशा असंख्य रायफली चीनमध्येच राहिल्या. पुष्कळ रायफलींवरील फूल कानशीने घासून काढलेले आढळते. फुलाच्या जागी उरलेला ओरखडाही अशा वेळी एक खूणच ठरतो.

‘नमुना ५६’ या नावाने तर आणखी एक पेच निर्माण केला आहे. सोव्हिएट अभिकल्पक सिमोनव्ह यांची दहा काडतुसांची अर्धस्वयंचलित रायफल, कलाश्निकव्ह यांची स्वयंचलित रायफल आणि देग्त्यारेव्ह यांची हलकी मशीनगन, या तिन्ही शस्त्रांच्या चिनी आवृत्त्यांना ‘नमुना ५६’ हेच नाव आहे. तिन्हींचे काडतूस एकच असून त्याचा व्यास ७.६२ मिलिमीटर आहे. तेव्हा नुसते ‘नमुना ५६’ म्हटल्याने शस्त्राची ओळख पटत नाही. १९६२ च्या सीमायुद्धात चिनी पायदळाच्या हाती यांपैकी सिमोनव्ह पद्धतीची रायफल होती. त्या वेळी आपले बहुसंख्य जवान .३०३ ली-एनफील्डने, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढून लढत होते.

त्रिकोणातील आकडा

सिमोनव्ह पद्धतीच्या चिनी रायफलीवर पुष्कळदा एक लहान त्रिकोण आणि त्यात २६ हा आकडा दिसतो. हे वर्ष नव्हे. तो कारखान्याचा सांकेतिक क्रमांक आहे. शस्त्रे कोठे बनतात हे परक्यांना कळू नये, म्हणून नावाऐवजी क्रमांक वापरण्याची ही पद्धत पडली. २६ क्रमांकाचा कारखाना म्हणजे चुंगकिंग येथील ‘च्येनशे’ कारखाना. सोव्हिएट साहाय्याने १९५६ साली तेथे या रायफलीचे उत्पादन सुरू झाले.

हा कारखाना आपली परंपरा १८८९ साली चांग चिह-तुंग या सुधारणावादी राज्यपालाने हाती घेतलेल्या शस्त्रशाळेपर्यंत नेतो. हानयांग येथील त्या शस्त्रशाळेत १८९५ पासून जर्मनीच्या १८८८ सालच्या नमुन्याची रायफल तयार होत असे. १९३८ मध्ये जपानी सैन्य वूहानजवळ येऊन ठेपले, तेव्हा तेथील यंत्रसामग्री देशाच्या अंतर्भागात हलविण्यात आली. एका छोट्या त्रिकोणामागे एवढा इतिहास दडलेला आहे.

अनुक्रमांकाची उलटतपासणी

आता प्रत्यक्ष निर्मितीचे वर्ष कसे काढावे? २६ क्रमांकाच्या रायफलींसाठी संग्राहकांनी एक ठोकताळा बसविला आहे. अनुक्रमांकातील दशलक्षांचा आकडा घ्यावा आणि तो १९५६ मध्ये मिळवावा. क्रमांक नव्वद लक्षांच्या पुढचा असेल, तर ९ मिळवून १९६५. एक कोटी वीस लक्षांच्या पुढचा असेल, तर १२ मिळवून १९६८. याचा अर्थ तेवढ्या रायफली तयार झाल्या असा नव्हे. पहिला आकडा हा वर्षाचा संकेत मानला जातो. हा नियम कारखान्याने जाहीर केलेला नाही. अनेक रायफली ताडून पाहून तो काढलेला आहे. इतर कारखान्यांना तो लावता येत नाही.

असा नियम स्वतंत्र पुराव्यावर पारखून घ्यावा लागतो. आरंभीच्या रायफलींची संगीन पात्याची असे. १९६० च्या दशकाच्या मध्यास तिच्या जागी सळईसारखी टोकदार संगीन आली. आता समजा, एखाद्या रायफलीचा क्रमांक तीस लक्षांच्या घरातला आहे, म्हणजे ती १९५९ ची ठरते; पण तिला संगीन मात्र सळईची आहे. अशा वेळी संगीन मागाहून बदलली असावी, असा संशय घ्यावा. पेटी, बोल्ट आणि इतर भागांवरील क्रमांक एकमेकांशी जुळतात की नाही, हे पाहिले म्हणजे दुरुस्तीचा माग लागतो. तसेच, व्हिएटनाममध्ये १९६७ साली हाती लागल्याची कागदोपत्री नोंद असलेली रायफल १९६७ नंतर बनलेली असणे शक्य नाही. ठोकताळ्याने १९६९ हे वर्ष आले, तर ठोकताळा चुकला किंवा नोंद चुकली.

काही खुणा निर्मितीनंतरच्या प्रवासाच्या असतात. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानंतर आयात झालेल्या शस्त्रावर आयातदाराचे नाव व गाव कोरावे लागते. १९९४ मध्ये त्या देशाने चिनी रायफलींची आयात बंद केली. म्हणून अशी खूण असलेली रायफल तेथे कोणत्या कालखंडात पोहोचली, हे सांगता येते. ती केव्हा बनली, हे मात्र त्यावरून कळत नाही.

खुणांचे मोल

हा केवळ हौशी संग्राहकांचा खेळ नव्हे. चोरट्या मार्गाने फिरणाऱ्या शस्त्राचा मूळ ठावठिकाणा शोधण्याचे साधन म्हणजे याच खुणा. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००१ साली संमत केलेल्या बंदुकांविषयीच्या करारात प्रत्येक शस्त्रावर निर्मितीच्या वेळी ओळखचिन्ह उमटविण्याचे बंधन घातले आहे. साध्या भौमितिक आकृतीसह क्रमांक उमटविण्याची पद्धतही त्यात मान्य केली आहे. आपला त्रिकोण त्याच जातीचा. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह पुसणे, बदलणे अथवा बनावट करणे हा गुन्हा आहे. खूण पुसली, म्हणजे एक साक्षीदारच नाहीसा होतो.

साक्षीदाराचे म्हणणे ऐकून घ्यावे, पण त्याला प्रश्नही विचारावेत. हे वर्ष कोणत्या गणनेचे? ते नमुन्याचे की वस्तूचे? खूण कोणी आणि केव्हा उमटवली? दुसरा कोणता पुरावा तिला दुजोरा देतो? पुढच्या वेळी संग्रहालयात गेल्यावर एखाद्या नाण्यासमोर, तोफेसमोर किंवा ताम्रपटासमोर उभे राहून हेच चार प्रश्न विचारून पाहा. कपाटावरील चिठ्ठी वाचण्यापूर्वी वस्तू वाचण्याची सवय लागली, म्हणजे इतिहासाच्या अभ्यासाला खरा आरंभ झाला असे समजावे.