थोडक्या खर्चात घर नवे, तरीही ओळखीचे

दसरा-दिवाळी जवळ आली, की घराला रंग देण्याचा विषय निघतो. परगावी असलेली मुले फोनवर म्हणतात, "यंदा घर जरा नीट करून घेऊ या." पाठोपाठ खोलगट सोफ्यांची, आरशासारख्या चकाकणाऱ्या फरशीची, छतात लपवलेल्या मंद दिव्यांची छायाचित्रे मोबाइलवर येऊ लागतात. खर्चाचा आकडा ऐकून घरातले वडीलधारे गप्प होतात आणि विषय पुढच्या वर्षावर जातो. या साऱ्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या घरात दिवसाचे चोवीस तास राहणार कोण?

वाचकहो, आपण स्वतः सत्तरीच्या पुढे असाल, किंवा अशा कोणाची काळजी वाहत असाल, तर घराच्या नूतनीकरणाचा आरंभ वृद्धाच्या पावलांपासून, नजरेपासून आणि गुडघ्यांपासून व्हावयास हवा. अपघाती दुखापतींनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये पडणे हे जगभरातील दुसऱ्या क्रमांकाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि असे जीवघेणे पडणे साठीपुढील व्यक्तींच्या वाट्याला सर्वाधिक येते. खुब्याचे हाड मोडल्यावर अनेकांना पूर्वीसारखे चालणे पुन्हा साधत नाही. मात्र यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. मोकळी वाट, भरपूर उजेड, रंगांतील स्पष्ट फरक आणि भक्कम आसने यांनी घर निर्धोक होते, आणि देखणेही याच चार गोष्टींनी होते. म्हणून सुरक्षिततेसाठी वेगळे आणि शोभेसाठी वेगळे पैसे काढावे लागत नाहीत.

आधी फेरफटका, मग खरेदी

एखाद्या रात्री नेहमीचे दिवे मालवून पलंगापासून स्नानगृहापर्यंत सावकाश चालून पाहा. कोठे हात आधार शोधतो, कोठे पाय अडतो, कोठे काही दिसत नाही, हे कागदावर टिपा. मग तीन याद्या करा: काढून टाकायच्या वस्तू, दुरुस्त करायच्या वस्तू आणि विकत घ्यायच्या वस्तू. पहिली यादी सर्वांत लांब निघते आणि तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. वाटेतली तिपाई, कोपरे वळलेली सतरंजी, दाराशी साठलेली पादत्राणे आणि भिंतीकडेने लोंबणाऱ्या वायरी एवढे हलवले, तरी खोली हातभर मोठी वाटू लागते.

याद्या करताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घ्या. "आई, तुम्हाला कोणती खुर्ची सोयीची वाटते?" हा साधा प्रश्न पुष्कळ निरर्थक खर्च वाचवतो.

फरशी आणि उंबरा

जुन्या घरांतील शहाबादी किंवा मोझॅक फरशी शक्यतो उखडू नका. तिला पुन्हा घासून घेतले, की ती उजळते आणि चकचकीत नव्या फरशीइतकी निसरडी होत नाही. फरशी बदलणे अटळच असेल, तर खरबरीत, बिनचकाकीची निवडा. पायपुसणी रबरी तळाचीच असावी.

उंबरा काढता येत नसेल, तर त्याच्या कडेवर फरशीहून वेगळ्या रंगाची पट्टी मारा. उतार करायचा असेल, तर उंचीच्या किमान बारापट लांबी धरावी. म्हणजे 3 इंच उंबऱ्यासाठी 3 फूट उतार लागेल. याहून तीव्र उतार उंबऱ्यापेक्षाही घातक ठरू शकतो.

उजेड आणि रंग

वयानुसार डोळ्यांतील भिंग पिवळसर होते, बाहुली लहान होते आणि आत पोहोचणारा प्रकाश घटतो. त्यामुळे तरुणाला पुरेसा वाटणारा दिवा वृद्धाला अपुरा पडतो. छताच्या मध्यावर एकच प्रखर दिवा लावण्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी झाकलेले एलईडी दिवे लावा. त्याने डोळे दिपत नाहीत. पलंगाजवळ हाताशी बटण असावे. दारापाशी आणि पलंगापाशी अशा दोन्ही जागांहून चालणारी बटणजोडणी कोणताही वीजकारागीर करून देतो. पलंगाखाली किंवा वाटेत हालचालीने आपोआप उजळणारा लहान दिवा लावला, तर रात्री बटण चाचपडावे लागत नाही.

भिंतींना फिकट, बिनचकाकीचा रंग द्यावा आणि दारांच्या चौकटींना गडद. या फरकाने दार कोठे संपते ते क्षीण नजरेलाही कळते आणि खोलीला रेखीवपणाही येतो. सगळे घर रंगवणे परवडत नसेल, तर पलंगामागची एकच भिंत गेरूसारख्या उबदार रंगाने रंगवा. फार नक्षीदार किंवा काळ्या चटया मात्र टाळा. दृष्टी मंदावलेल्या अथवा स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला फरशीवरचा काळा चौकोन खड्ड्यासारखा भासू शकतो.

स्नानगृहात हात आखडू नये

काटकसर बैठकीच्या खोलीत करावी, स्नानगृहात करू नये. शौचकूपाशेजारी आणि नळाशेजारी साधारण दीड इंच जाडीची पोलादी आधारदांडी बसवून घ्या. दांडी आणि भिंत यांत बोटे सहज मावतील एवढे अंतर हवे. टॉवेल टांगण्याची दांडी हा आधार नव्हे. माणसाचा भार पडताच ती उखडून हाती येते. भोके पाडण्यापूर्वी आत नळ कोठून गेले आहेत हे प्लंबरला विचारा, आणि दांडी बसल्यावर आपला सगळा भार टाकून ती तपासा.

स्नानगृहाचे दार आत उघडत असेल, तर ते बाहेर उघडेल असे बिजागर फिरवून घ्या. आत कोणी पडले, तर दार त्याच्या देहालाच अडते आणि मदतीला पोहोचता येत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी असावी. स्नानासाठी रबरी बुचांचे पक्के स्टूल आणि हातात धरायचा फवारा घेतला, की वाकून बादली उचलण्याचे कष्ट टळतात. भारतीय पद्धतीचे शौचकूप बदलण्याइतके पैसे आज नसतील, तर त्यावर ठेवायची कमोड-खुर्ची हा सध्यापुरता चांगला उपाय आहे.

जुन्या लाकडाचे मोल

माळ्यावरची सागवानी खुर्ची विकण्यापूर्वी तिच्यावर बसून पाहा. सरळ पाठ, दोन्ही बाजूंना हात आणि गुडघ्याइतकी उंची, म्हणजे 17 ते 19 इंच, हे गुण वृद्धांच्या खुर्चीत हवे असतात आणि आजच्या खोलगट सोफ्यात ते नसतात. वेत तुटला असेल तर पुन्हा विणून घ्या, सांधे सुताराकडून आवळून घ्या आणि पॉलिश करून घ्या. अशी एक खुर्ची खिडकीशी ठेवली, तर तिची शोभा नव्या सोफ्याने येणार नाही.

पलंगावर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. जुना पलंग फार उंच असेल, तर सुतार त्याचे पाय कापून देईल. दिवाण ठेंगणा असेल, तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून मिळतात. घरात काहीच नसेल, तर पुण्यातील जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार किंवा ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार येथे फेरी मारा. तेथे भाव करताना लाकडाला वाळवी लागलेली नाही ना आणि वस्तू डगमगत नाही ना, हे दोनदा पाहावे.

शोभा हाताशीच असते

शोभेसाठी निराळी खरेदी करण्याआधी कपाट उघडा. न वापरल्या जाणाऱ्या जुन्या साड्यांचे काठ पडद्यांना लावता येतात, खणाच्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे होतात. सोलापुरी चादर पलंगावर नीट अंथरली, की खोलीला लगेच रूप येते. आजीने शिवलेली गोधडी ट्रंकेत ठेवण्यापेक्षा खुर्चीच्या पाठीवर टाका. तांब्याचा जुना घंगाळ घासून त्यात मनीप्लांट लावा. वारली शैलीतील एखादे चित्र नातवंडांकडूनच भिंतीवर काढून घ्या. एका भिंतीवर एक वस्तू पुरे. रिकामी राहिलेली जागा डोळ्यांना विसावा देते आणि झाडायलाही सोपी जाते.

पैशांचा क्रम

ठरलेल्या रकमेतील पाचवा हिस्सा आधीच बाजूला ठेवा, कारण भिंत फोडली की आत काहीतरी निघतेच. उरलेली रक्कम स्नानगृह, वीज, उंची आणि शेवटी शोभा या क्रमाने खर्च करावी. वीजकामात जुन्या वायरी तपासून घ्याव्यात आणि गळतीचा झटका बसताच प्रवाह तोडणारे यंत्र बसवावे. कारागिराशी मजुरी व साहित्य वेगवेगळे ठरवून लिहून घ्या आणि सगळे पैसे आगाऊ देऊ नका. एका वेळी एकच खोली हाती घेतली, तर वृद्धांना धूळ आणि रंगाच्या वासापासून दुसऱ्या खोलीत दूर ठेवता येते. दमेकऱ्यांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे.

ओळख पुसू नये

नूतनीकरणात वृद्धांना सर्वांत मोठी भीती कशाची वाटते? आपलेच घर अनोळखी होण्याची. देव्हाऱ्याची दिशा, चष्मा ठेवण्याचा कोनाडा, पाण्याच्या तांब्याची जागा ही त्यांच्या हातांना पाठ असते. स्मृती मंदावलेल्या व्यक्तीसाठी तर हीच वाट दाखवणारी खूण असते. म्हणून पलंग, देव्हारा आणि नेहमीची खुर्ची यांच्या जागा शक्यतो बदलू नयेत. बदलायच्याच झाल्या, तर एका वेळी एकच बदलून महिनाभर थांबावे.

परगावच्या मुलांनी दिवाळीसाठी भेटवस्तू विचारली, तर यंदा त्यांना आधारदांडी, खुर्चीची विणकामाची मजुरी आणि पलंगाजवळचा दिवा सांगा. आणि काम पूर्ण झाल्यावर रात्री पुन्हा एकदा पलंगापासून स्नानगृहापर्यंत चालून पाहा, या वेळी वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, त्यांच्या चालीने.