शिट्टी गळ्यात हवी

बाबांनी सुट्टीत घेऊन दिलेला अकरा पात्यांचा चाकू मी सावनदुर्गला मिरवत नेला. बंगळुरूच्या पश्चिमेला, मागडीजवळचा हा ग्रॅनाइटचा उघडा डोंगर 1226 मीटर उंच आहे. उतरताना पावसाची सर आली, खडक निसरडा झाला आणि माझ्या जोडीदाराचा पाय मुरगळला. तुकडी पुढे गेली होती. आम्ही ओरडलो, दहा मिनिटांत घसा बसला. टॉर्च बॅगेच्या तळाशी, तीही बटण दाबले जाऊन केव्हाच संपलेली. चाकूचे एकही पाते उपयोगाचे नव्हते.

जोडीदाराच्या गळ्यात मात्र प्लॅस्टिकची साधी शिट्टी होती. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट गप्प बसायचे, पुन्हा सहा. डोंगरात मदत मागण्याची ही जगभर मानलेली खूण आहे. उत्तर येते मिनिटाला तीन शिट्ट्यांनी, आणि ते ऐकू यावे म्हणून तर गप्प बसायचे. (ते मिनिट फार मोठे वाटते.) तिसऱ्या फेरीनंतर खालून उस्तादांच्या तीन शिट्ट्या आल्या.

रात्री टॉर्चनेही असेच सहा वेळा चमकवता येते. आता मी टॉर्चमधला एक सेल काढून ठेवतो आणि अंधार पडण्याआधी परत घालतो. टॉर्च आणि क्रेप बँडेज बॅगेच्या वरच्या कप्प्यात असतात. शिट्टी घेतली ती आत गोळी नसलेली. गोळी भिजून अडकली की आवाज निघत नाही.

बाबा, चाकू चांगला आहे. पेन्सिलींना टोक छान निघते.