शुश्रूषा आणि कटु वचन

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेस औषधपाण्याइतकाच कटु शब्दांशींही रोज संबंध येतो. वेदनेनें त्रासलेला रोगी, चिंतेनें व्याकुळ झालेले आप्त आणि कामाखालीं वांकलेले वरिष्ठ, हे सारे आपला संताप जवळच्या माणसावरच काढतात. आपल्याकडे तर आरंभीं हें कामच हीन लेखीत. डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशन रुग्णालय उघडलें, त्या काळीं विटाळाच्या कल्पनेमुळें परक्याची अशी सेवा करण्यास बहुतेक घरांतील स्त्रिया धजत नसत. पुष्कळशा परिचारिका ख्रिस्ती समाजांतूनच आल्या.

अशा सेविकेस शुभवर्तमानांत दोन आधार सांपडतात. लूकाच्या सतराव्या अध्यायांत येशूनें दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानण्यास परत आला तो एकच, आणि तोही परका शोमरोनी. उरलेल्या नऊजणांचें आरोग्य काढून घेतल्याचें मात्र तेथें लिहिलेलें नाहीं. सेवेचें मोल कृतज्ञतेवर ठरत नाहीं, हा पहिला बोध.

दुसरा आधार योहानाच्या अठराव्या अध्यायांत आहे. महायाजकापुढें शिपायानें चपराक मारली असतां येशूनें उलट हात उगारला नाहीं. पण तो मुकाही राहिला नाहीं. आपलें बोलणें वाईट असेल तर तें सिद्ध करावें, नसेल तर मारण्याचें कारण काय, असें त्यानें शांतपणें विचारलें. क्षमा म्हणजे अन्यायास मूक संमति नव्हे. वेदनेनें निघालेला शब्द पोटांत घालावा. हेतुपुरस्सर केलेला अपमान मात्र, करणारा कोणीही असो, सौम्य परंतु स्पष्ट शब्दांत त्याच्यापुढें मांडावा, आणि मग हातांतील काम पूर्वींच्याच हळुवारपणें पुरें करावें.